तेलाची बाटली बाहेर राहू दे, तू आत जा

पत्र:

ताई, मी सोलापूरचीच, अक्कलकोट रोडला राहते. माझं बाळ १२ दिवसांचं आहे, एकतिसाव्या आठवड्यातच झालं, मुलगी आहे. जन्माचं वजन १३८० ग्रॅम होतं, आता १३१० आहे, म्हणजे वाढायच्या जागी कमीच झालंय. पेटीत ठेवलंय, नाकातून नळीने दूध देतात, ऑक्सिजन परवा काढला. सासूबाई म्हणतात अंगाला तेल लागल्याशिवाय बाळ धरत नाही, माझी तिन्ही पोरं मालिशीवर वाढली. त्यांनी गावाकडून करडईचं घाण्याचं तेल मागवलं आणि बाटली घेऊन सरळ दवाखान्यात आल्या, तर सिस्टर सगळ्यांसमोर ओरडल्या, आता सासूबाई दवाखान्यात यायला तयार नाहीत आणि माझ्याशीपण धड बोलत नाहीत. त्यात मी मोबाईलवर एक रील बघितलं की मालिश केल्यावर कमी दिवसांच्या बाळांचं वजन पटापट वाढतं आणि लवकर घरी सोडतात. मिस्टर चादरीच्या कारखान्यात आहेत, दवाखान्याचं बिल रोज वाढायलंय. मालिश करावी का नको? कुठलं तेल? घरी गेल्यावर मालिशवाली बाई सांगून ठेवलीय ती चालेल का? आणि अजून एक, कोणाला सांगू नका, मी अजून बाळाला नीट हात लावला नाहीये. भीती वाटते. मोडेल असं वाटतं.
– एक आई

उत्तर:

अगं पोरी, तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तू शेवटच्या दोन ओळीत लिहिलायस, ते तेल आणि मालिशवाली वगैरे सगळं नंतरचं. मी अठ्ठावीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, आता रिटायर होऊन जुळे सोलापुरात निवांत बसलेय, आणि तुला सांगते, पेटीसमोर हात मागे बांधून उभी राहणारी आई मी इतक्यांदा बघितलीय की मोजदाद नाही. मोडत नाही गं ते. तेराशे ग्रॅमचं बाळ दिसायला पाखरासारखं असतं पण लई चिवट असतं. तेव्हा तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते पण माझ्या क्रमाने देणार, तुझ्या नाही.

आधी ते वजनाचं डोक्यातून काढ. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाळांचं वजन उतरतं, अंगातलं जास्तीचं पाणी जातं म्हणून, कमी दिवसांच्या बाळांचं तर शेकडा दहा ते पंधरापर्यंत उतरू शकतं आणि जन्माच्या वजनाला परत यायला दोन आठवडे, कधी त्याहून थोडं जास्त लागतात. तुझ्या पोरीचं ७० ग्रॅम उतरलंय, हिशोब कर, शेकडा पाचच्या आसपास झालं. हे काही वाईट नाही. एकदा दूध पूर्ण पचायला लागलं की एवढ्या बाळाने रोज साधारण वीसेक ग्रॅम घ्यायला पाहिजेत, तेव्हा तू रोज वजन विचार पण रोज रडू नको, तीन-चार दिवसांचं मिळून बघ. काटा एक दिवस मागे-पुढे दाखवतो, लंगोट ओला असला तरी फरक पडतो.

आता मालिश. तू बघितलेल्या रीलमध्ये जे सांगितलंय ते हवेतलं नाही. आधी मोठ्या डॉक्टरांचा नियमच होता की कमी दिवसांच्या बाळाला जेवढा कमी हात लावाल तेवढं बरं, कारण सुई, नळी, चिकटपट्टी, जो हात येतो तो दुखवायलाच येतो, आणि हात लावला की ऑक्सिजन खाली जायचा. मग अमेरिकेत मायामीला टिफनी फील्ड नावाच्या बाईंनी १९८६ साली एक अभ्यास छापला. ४० बाळं, आणि ऐक, सरासरी एकतीस आठवड्यांची आणि १२८० ग्रॅमची, म्हणजे तुझ्या पोरीसारखीच. त्यातल्या वीस जणांना दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस, अंगावरून हात फिरवला आणि हातपाय हळूच दुमडून सरळ केले. ज्यांना हात फिरवला ती रोज २५ ग्रॅमनी वाढली आणि बाकीची १७ ग्रॅमनी, आणि घरी सहा दिवस आधी गेली. दूध दोघांना सारखंच. लोक थक्क झाले, की दूध तेवढंच आणि वजन जास्त, हे कसं काय बाबा.

त्याच्यामागे एक उंदराची गोष्ट आहे ती मला फार आवडते म्हणून सांगतेच. ड्यूक विद्यापीठात सॉल शानबर्ग नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी बघितलं की उंदराची पिल्लं आईपासून बाजूला काढली की त्यांच्या अंगात वाढीचं हार्मोन कमी होतं, आणि ओल्या ब्रशने त्या पिल्लांना आई चाटते तसं घासलं की परत वर येतं. ओला ब्रश! आपल्याकडं सांगोल्या-मंगळवेढ्याकडं ज्याच्या दारात खिलार गाय आहे त्याला हे सांगायला कुठला शास्त्रज्ञ लागत नाही, वासरू पडलं की गाय तासभर चाटत बसते आणि मग ते उठून उभं राहतं. माणसाच्या बाळातपण तसंच काहीतरी होतं, अंगावर नीट दाबाने हात फिरला की मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी एक मोठी नस आहे, व्हेगस म्हणतात तिला, ती जागी होते, पोटाची हालचाल वाढते, दूध चांगलं पचतं, इन्सुलिनसारखी वाढीची हार्मोन्स वाढतात. म्हणजे सासूबाई म्हणतात ते 'बाळ धरतं', ते अगदीच खोटं नाही.

पण. आता पण ऐक. पहिली गोष्ट, त्या अभ्यासातली बाळं अतिदक्षतेतून बाहेर आलेली होती, स्थिर होती, नुसतं वजन वाढायची वाट बघत होती. दुसरी, नंतर असे बरेच अभ्यास झाले आणि २००४ साली ते सगळे एकत्र करून हिशोब मांडला तेव्हा फरक निघाला रोजचा साधारण ५ ग्रॅम आणि घरी जायला साडेचार दिवस आधी, आणि हिशोब मांडणाऱ्यांनीच सांगितलं की बरेच अभ्यास नीट केलेले नाहीत, फार भरवसा ठेवू नका. पाच ग्रॅम म्हणजे एक चमचा पाणी गं. उपयोग आहे, पण जादू नाही. वजन वाढवतं ते तुझं दूध. तेव्हा दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा एकदा उठून, दूध काढून देतेयस ना? ते चुकवू नको, मालिश चुकली तर चालेल.

आता सिस्टर का ओरडल्या. ओरडायला नको होतं, म्हाताऱ्या माणसाला चारचौघात असं बोलू नये, ते मी मान्य करते, आणि जरा लाजून मान्य करते कारण मीपण एकदा हेच केलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक आजी लुगड्याच्या पदराखाली वाटी लपवून घेऊन आलेली, मी ती वाटी हिसकावून बेसिनमध्ये ओतली. तिच्यासमोर. आजी काही बोलली नाही, नुसती त्या बेसिनकडं बघत राहिली, आणि बाळ घरी जाईपर्यंत परत वॉर्डात आली नाही. तेल आत येऊ दिलं नाही ते बरोबरच केलं पण ओतलं ते चुकलं माझं, आणि हे मला कळायला मला स्वतःला नात व्हावी लागली.

पण तेल आत का नाही याची कारणं आहेत आणि ती तुला कुणी सांगितलेली दिसत नाहीत. बाळाच्या पोटावर एक वायर चिकटवलेली असते बघ, चमकत्या चिकटपट्टीखाली, ती अंगाचं तापमान मोजते आणि त्यावर पेटीची उष्णता आपोआप कमी-जास्त होते. अंग तेलकट झालं की ती सुटते. ती सुटली की मशीनला वाटतं बाळ गार पडलं, मशीन तापवत सुटतं, आणि आत बाळ भाजून निघतं. छातीवरच्या वायरींचं तसंच, त्या सुटल्या की श्वास थांबला तरी कळणार नाही, आणि एकतीस आठवड्यांची बाळं मधूनच श्वास घ्यायला विसरतात, त्यासाठीच त्यांना कॅफिन देतात. दुसरं, कावीळीच्या निळ्या लाईटखाली बाळ असेल तर अंगाला तेल लावायचं नाही. तिसरं म्हणजे जंतू. घाण्याचं तेल कितीही शुद्ध असू दे, ती बाटली कुठल्या फडक्याने पुसली, त्यात कुणी बोट घातलं, देव जाणे, आणि एवढ्या लवकर आलेल्या बाळाची कातडी ओल्या कागदासारखी असते, चौतीस आठवड्यांपर्यंत ती पुरती पिकलेली नसते. जरा जोरात चोळलं की सोलते आणि सोललेल्या जागेतून जंतू सरळ रक्तात.

गंमत अशी की हीच कातडी तेल पितेपण. पुण्यात केईएम हॉस्पिटलला २००५ साली एक अभ्यास झाला, बाळांना दिवसातून चारदा ५-५ मिली तेल पाच दिवस चोळलं, काहींना करडईचं, काहींना खोबरेल, आणि रक्त तपासलं तर करडईतली चांगली फॅटी आम्लं करडईवाल्या बाळांच्या रक्तात वाढलेली सापडली, खोबरेलवाल्यांच्या रक्तात खोबरेलातली. म्हणजे कातडीतून आत जातं. करडई गं! आपल्या सोलापूरच्या काळ्या रानात ज्वारीच्या पाट्याला लावतात ती काटेरी करडई. हे सासूबाईंना नक्की सांग, जरा बरं वाटेल त्यांना. त्याच साली मुंबईत सायन हॉस्पिटलच्या अभ्यासात खोबरेलाने मालिश केलेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन जास्त वाढलं होतं, बाजारातल्या पातळ खनिज तेलापेक्षा, आणि 'बेबी ऑइल' लिहिलेल्या बाटलीत बहुतेक वेळा हेच असतं, म्हणून त्याच्यावर पैसे घालू नको. बांगलादेशात ढाक्याला तर सूर्यफुलाचं तेल लावून वॉर्डातल्या बाळांना जंतुसंसर्ग कमी होतो असं दिसलं, पण तिथे ते डॉक्टर-नर्सनी, ठरलेल्या मापाने, हलक्या हाताने लावलं होतं, कुणी मालिशवालीने पायावर घेऊन नव्हे. मोहरीचं तेल मात्र नको, ते कातडीला चावतं. ऑलिव्ह महाग आहे म्हणजे चांगलंच असणार असंही नाही, त्यानेपण कातडीचं वरचं आवरण बिघडतं. म्हणजे तेल निवडायचं तर करडई नाहीतर खोबरेल, पण कधी, ते डॉक्टर ठरवतील, आज नाही.

मग आज काय करायचं? आज तू आत जायचंस आणि मालिश करायची नाही. हात ठेवायचा. नुसता ठेवायचा.

बांगड्या, अंगठी, घड्याळ काढ, नखं काप, कोपरापर्यंत साबणाने हात धू, पूर्ण वाळू दे आणि ऊब येईपर्यंत एकमेकांवर चोळ, जानेवारीत नळाचं पाणी बर्फासारखं असतं. मोबाईल बाहेर. सिस्टरला सांग की मला बाळाला हात ठेवायचाय, त्या नाही म्हणणार नाहीत, आता तर सरकारने २०१७ पासून नियमच काढलाय की नवजात विभागात आई-बापाला शिकवून काळजीत सामील करून घ्यायचं. पेटीच्या खिडकीतून दोन्ही हात घाल. आधी बोल, हळू, बाळ तुझा आवाज पोटात असल्यापासून ओळखतं. मग एक हात डोक्यावर टोपीसारखा आणि दुसरा हात दुमडलेल्या पायांना, ढुंगणाला कवेत घेऊन, जसं ती पोटात गोळा होऊन होती तसं. आणि थांब. चोळायचं नाही, थोपटायचं नाही, बोटं फिरवायची नाहीत. दहा-पंधरा मिनिटं. सुरुवातीला ती जरा वळवळेल, मग श्वास संथ होईल, तू मॉनिटरकडं बघू नकोस, बाळाकडं बघ, मॉनिटरकडं बघायला सिस्टर आहेत. निघताना दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत, आधी एक, मग थोड्या वेळाने दुसरा, नाहीतर दचकते.

हे सगळ्यात सोपं दिसतं आणि सगळ्यात अवघड असतं, कारण आपला हात गप्प राहत नाही. आपल्याला वाटतं प्रेम म्हणजे कुरवाळणं. पण या बाळांना बोटांच्या टोकांनी हलकं हलकं कुरवाळलं की अंगावर मुंगी चालल्यासारखं वाटतं, त्रास होतो त्यांना, आणि नंतर मालिश सुरू केलीस तरी हेच लक्षात ठेव की पिसासारखा हात नको आणि कणीक तिंबल्यासारखापण नको, मध्यम दाब, पूर्ण तळवा, कातडी हलकीशी दबेल एवढाच.

आणि तिची भाषा शिकून घे. बोटं पंख्यासारखी फाकवली, उचकी लागली, जांभया-शिंका यायला लागल्या, मान फिरवून घेतली, पाठ कमानीसारखी ताणली, तोंडाभोवती निळसर-करडं पडलं, म्हणजे ती म्हणायलीय 'बास'. तेव्हा हात हलवायचा थांबव, नुसता ठेव, आणि रंग बदललेला दिसला तर लगेच सिस्टरला हाक मार. तोंडाकडं हात नेला, चेहरा सैल पडला, डोळे किलकिले करून तुझ्याकडं बघितलं, तर 'चालू दे'. तीन-चार दिवसात तुला हे डॉक्टरपेक्षा जास्त कळायला लागेल, खरंच सांगते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे मालिश नाहीच, छातीवर घेणं. कांगारू. १९७८ साली कोलंबियात बोगोटाला पेट्या कमी पडायला लागल्या म्हणून एदगार रेय नावाच्या डॉक्टरांनी आयांच्या छातीवर बाळं बांधायला सुरुवात केली, म्हणजे गरिबीतून निघालेला उपाय, आणि आज जगभरात तोच सगळ्यात भारी ठरलाय. २०२१ साली भारतासह पाच देशातल्या अभ्यासात, आपल्याकडून दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल होतं, एक ते पावणेदोन किलोच्या जरा वरपर्यंतच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीवर घेतलं तर मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. बघ, मालिशीचा फरक ५ ग्रॅम आणि ह्याचा फरक जिवाचा. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाचे ८ ते २४ तास. तुझ्या पोरीचा ऑक्सिजन निघालाय, नाकातली नळी असली तरी अडत नाही, तेव्हा उद्याच्या राउंडला डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचार, 'कांगारू कधीपासून?'. समोरून उघडणारा गाऊन घाल, बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे, दोन स्तनांच्या मध्ये उभं, बेडकासारखे पाय, मान एका बाजूला आणि खाली झुकलेली नको, वरून मऊ सुती कापड बांधायचं. एकदा घेतलं की निदान तासभर तरी, दहा मिनिटं घेऊन परत ठेवायचं नाही, त्या उचल-ठेवीनेच बाळ दमतं. अंगावर असताना पाठीवर तळवा ठेवून बस. तीच तुझी पहिली मालिश.

आणि हे फक्त आईनेच करायचं असं नाही. बाप करू शकतो, तुझ्या मिस्टरांना सांग कारखान्यातून सुटल्यावर आधी अंघोळ, सुताचं पीस केसात-छातीवर असतं ते सगळं निघालं पाहिजे, तंबाखू असेल तर ती बंद, मग या. आणि आजी करू शकते. हो, सासूबाई. त्यांना सर्दी-खोकला-ताप नसेल, अंगावर खरूज-गजकर्ण नसेल, तर डॉक्टरांची परवानगी घेऊन त्या घेऊ शकतात छातीवर. तीन पोरं मालिशीवर वाढवलेली बाई आहे ती, तिच्या हाताला कामच द्या, नुसतं 'नाही' म्हणून बाहेर बाकड्यावर बसवलं की मग ती बाटली घेऊनच येणार ना. तू दुपारी दोन तास झोप, त्या घेऊन बसतील. मी सिस्टर असताना बघितलंय, ज्या आज्या सगळ्यात जास्त भांडायच्या त्याच कांगारूला सगळ्यात चिकाटीने बसायच्या, आई उठून लघवीला जाईल पण आजी हलणार नाही.

बरं, मालिश कधी. दवाखान्यात असतानाच, बाळ पूर्ण दूध पचवायला लागलं, श्वास थांबणं बंद झालं, सलाईन निघालं, वजन वर जायला लागलं, की तू डॉक्टरांना विचार आणि त्यांनी हो म्हटलं की सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून एकदा हातात हात धरून शिकून घे, रीलवरून शिकू नको. दूध पाजून तासभर झाल्यावर, भरल्या पोटी नाही आणि भुकेनं रडतानापण नाही. डोक्यावरून मानेपर्यंत, मानेवरून खांद्यापर्यंत, पाठीवरून कमरेपर्यंत, मग पाय, मग हात, प्रत्येक ठिकाणी सावकाश दहा-बारा वेळा, एक फेरी म्हणजे पाच सेकंद, मोजून बघ किती हळू असतं ते. मग उताणं करून एकेक पाय, एकेक हात हळूच दुमडायचा-सरळ करायचा. पोटाला डॉक्टर सांगेपर्यंत हात नको. पंधरा मिनिटं झाली की बास, आणि 'बास' असं तिने आधी सांगितलं तर आधीच बास.

आता मालिशवाली. सांगून ठेवलीय तर रद्द करू नकोस, तिला तुझ्यासाठी लाव. बाळंतिणीची पाठ, पाय, खांदे, रात्री उठून दूध काढून तुझे खांदे गेले असतील. सिझर झालं असेल तर पोटाला हात लावू देऊ नको, टाके पूर्ण भरेपर्यंत. सासूबाईंचा शब्द राहिला, बाईचे पैसे राहिले, तुला आराम पडला. बाळाला मात्र तिचा हात इतक्यात नाही. वजन दोन किलोच्या आसपास जाऊन रोज वाढतंय, नाळ पडून जागा सुकलीय, अंगाची ऊब कपड्यात टिकतेय, तोवर मी तरी थांबले असते, शेवटचा शब्द तुझ्या डॉक्टरांचा. आणि तेव्हाही पहिले काही महिने हात तुझा नाहीतर आजीचा. या बायकांचा हात तयार असतो मी नाकारत नाही, पण तो तीन-साडेतीन किलोच्या बाळावर तयार झालेला असतो, पायावर घेऊन दणादण, आणि दिवसाला सहा घरं करून येतात, एका घरातला खोकला दुसऱ्या घरात.

काही गोष्टी मात्र कधीच नाहीत, बाळ चार किलोचं झालं तरी नाहीत, आणि इथे मी कुणाचंच ऐकणार नाही. नाकात-कानात तेल सोडायचं नाही, नाकातलं तेल फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. टाळूवर तेल थापून 'भरायची' नाही, टाळू आपोआप भरते. डोकं गोल करायला दाबायचं नाही, नाक ओढायचं नाही, छाती पिळून 'दूध' काढायचं नाही, पाय धरून उलटं करायचं नाही, डाळीच्या पिठाने लव घासायची नाही, ओवा-वेखंडाची धुरी नाही, काजळ नाही, गुटी नाही. धुरी तर अजिबात नाही, कमी दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं आधीच नाजूक. सासूबाई म्हणतील आमची पोरं ह्याच्यावरच वाढली. म्हणू दे. त्यांची पोरं नऊ महिने भरून आली होती, एवढं एकच वाक्य सांग आणि वाद घालू नको.

तेल कोमट करायचं तर गॅसवर ठेवायचं नाही, वाटी गरम पाण्यात ठेव आणि आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघ. चमचाभर पुरतं. खोली उबदार, पंखा बंद, आत्ताच्या थंडीत दुपारी अकरा-बाराला, उन्हाळ्यात आपल्याकडं बेचाळीस डिग्रीत मात्र सकाळी लवकर आणि तेल पुसून घ्यायचं, नाहीतर घामोळ्या येतात.

ह्या महिन्यात गड्डा आहे, सिद्धेश्वराची जत्रा, घरी पाहुण्यांची रीघ लागणार. नंदीध्वज बघायला आले की 'बाळ बघू' म्हणतीलच. डिस्चार्ज मिळाला तरी दारावरच थांबव सगळ्यांना, मी सांगितलंय म्हण, डॉक्टरने सांगितलंय म्हण, काय वाट्टेल ते म्हण. नवस सासूबाईंनी फेडावा, बाळाला गर्दीत नेऊ नका.

एक महत्त्वाचं राहिलं, मालिशीचं नाही पण मालिशीच्या आधीचं. दोन किलोच्या आत किंवा चौतीस आठवड्यांच्या आत झालेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो, पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत. बाहेरून डोळे चांगले दिसतात आणि आत पडदा सुटायलेला असतो, वेळेत कळलं तर लेझरने वाचतं, उशीर झाला तर नाही. तुझे १२ दिवस झालेत. तारीख आजच विचारून फाईलवर लिहून घे, आणि कानाची तपासणी कधी तेही. घरी आलीस की आशाताई येतील वजन-ताप बघायला, त्यांना आत घे, त्या पाहुण्यांत मोडत नाहीत. घरी बाळ दूध ओढेना झालं, तळपाय गार पडले, श्वास जोरात किंवा थांबून थांबून घ्यायला लागली, अंग पिवळं पडलं, तर तेल-बिल काही न करता छातीला बांधून सरळ दवाखाना.

बिलाचं म्हणशील तर मालिशीने दोन दिवस आधी सुटशील ह्या आशेवर बसू नको, सरळ डॉक्टरांशी बोला, सरकारी नवजात विभागात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असतात, आता बाळ स्थिर आहे तर तिकडं हलवता येईल का हे विचारण्यात लाज कसली. मात्र हलवायचं ते डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, आपल्या मनाने रिक्षात घालून नाही.

आणि ती करडईची बाटली. फेकू नको आणि बाळासाठी उघडूही नको. पुढं आजीच्या हाताला लागेल तेव्हा नवीन आणू, हे तेल सासूबाईंना म्हणावं तुमच्या गुडघ्याला लावा, मी लावून देते. उद्या त्यांना घेऊनच जा दवाखान्यात, नाही म्हणाल्या तरी. आत जाताना बांगड्या काढशील ना, त्या त्यांच्या हातात दे सांभाळायला. सोमवारचं वजन कळव.